रंगाखालचें लोखंड

आमचें सारें आयुष्य मुलांच्या वह्या तपासण्यांत गेलें. त्यांत एक खोड जडली ती अशी कीं, अक्षर सुवाच्य दिसलें म्हणजे मजकूरहि शुद्ध असावा, असें आम्ही आधींच धरून चालतों. गेल्या माघांत ही खोड आम्हांस बरीच महाग पडणार होती.

रत्नागिरी जिल्ह्यांत आम्हां चौघां भावांची सामाईक सहा एकर जमीन आहे. करवंदीच्या जाळ्या काढून ती काजूसाठीं सारखी करावी, हा धाकट्या पुतण्याचा ध्यास. त्यानें एक जुना चेनवाला लोडर हेरला. लोखंडी पट्ट्यांवर चालणाऱ्या या यंत्राचा भार पुष्कळ जागेवर विभागला जातो, म्हणून तें मऊ जमिनींत रुतत नाहीं. पुढच्या बकेटनें मुळें उपटणें, माती उचलणें, थोडेंबहुत सपाटीकरण, सारेंच साधतें. १९०४ सालीं बेंजामिन होल्ट यानें कॅलिफोर्नियांतील भुसभुशीत जमिनीवर असेच पट्टे लावून वाफेचें यंत्र चालवून पाहिलें होतें.

वडील बंधूंनीं निर्णय आमच्यावर सोपविला. पैसा आमच्या निवृत्तीच्या ठेवींतला. उणा पडल्यास घरांतल्या पाटल्या.

यंत्र पाहतांच आम्ही भाळलों. पिवळा रंग ताजा, तास मोजणारें मीटर अवघे तीन हजार दाखवीत होतें. आम्ही होकार देणार, तोंच सोबतचा मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, जरा थांबा." हा आमचाच जुना विद्यार्थी. अक्षर गचाळ म्हणून त्याचे गुण आम्ही नेहमीं कापीत असूं.

त्यानें इंजिनावर हात ठेवला. तें आधींच तापवून ठेवलेलें होतें. थंड इंजिन सुरू होतांना किती धूर ओकतें, हें आम्हांस दिसूं नये, हाच हेतु. बकेट उचलून इंजिन बंद केलें, तों ती हळूहळू खालीं येऊं लागली. मग तो वांकला. चेन ओढणाऱ्या चाकाचे दांते झिजून भाल्यासारखे टोकदार झाले होते. पिना आणि रोलरहि थकलेले.

"मीटर बदलतां येतं, गुरुजी. दांते खोटं बोलत नाहींत."

अशा यंत्राच्या दुरुस्तीचा निम्म्याच्या आसपास खर्च या खालच्या भागावरच होतो, आणि आमच्या जांभ्यांत तो लवकर झिजतो, हें त्यानेंच समजाविलें.

परततांना पुतण्या एक शब्द बोलला नाहीं. रात्रीं आम्हीं त्याला जवळ बसवून हिशेब मांडला: काम पंधरवड्याचें, आणि यंत्र पुढें वर्षभर अंगणांत गंजणार. शेवटीं यंत्र तासाच्या भाड्यानें आणावयाचें ठरलें. पाटल्या पेटींतच राहिल्या.

मिस्त्रीला मजुरी देऊं केली, तर तो घेईना. "गुरुजींकडून कसली मजुरी?" म्हणून पायां पडला. आशीर्वाद देतांना आमचा हात अडखळला. त्याचे कापलेले गुण आतां परत देण्याची सोय आमच्यापाशीं उरलेली नाहीं.