एकोणपन्नास माणसे

शीव-पनवेल महामार्गावरून दिवसरात्र धावणाऱ्या वाहनांतील प्रवाशांना शिरवणे हे गाव सहसा दिसत नाही. महामार्गाच्या पलीकडे कारखाने, अलीकडे नव्या मुंबईच्या आखीव-रेखीव इमारती, मागे जुईनगर-नेरूळचा लोहमार्ग. आणि या साऱ्यांच्या मध्ये, अंग चोरून बसावे तसे, अरुंद गल्ल्यांचे हे जुने आगरी गाव बसले आहे. पूर्वी त्याच्या भोवती भाताची खाचरे होती, खाडीची ओल होती. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि खाडीकाठच्या गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्यात आल्या. शेते गेली, घरे राहिली. जुन्या घरांवर मजले चढले आणि त्या मजल्यांवर दूरदूरच्या मुलखांतून आलेली भाडेकरू मंडळी राहू लागली.

शेती होती तेव्हा लावणीच्या दिवसांत सारे गाव एका चिखलात उतरत असे. आता ज्याची त्याची नोकरी आणि ज्याचे त्याचे कुलूप. तेव्हा सारे गाव एके ठिकाणी बसलेले पाहावयाचे असेल, तर लग्नकार्याचे मांडव सोडल्यास एकच जागा उरते. ती म्हणजे वर्षातून एकदा अष्टविनायकाला निघणारी बस.

समूहाने प्रवास करण्याची हौस काही एकट्या आपल्याच लोकांची नाही. इंग्लंडात ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक नावाच्या एका गृहस्थाने लेस्टर गावाहून लफबरोपर्यंत सुमारे पाचशे माणसांना आगगाडीने नेले. भाडे होते माणशी एक शिलिंग. दारूबंदीच्या सभेला जावयाचे हा हेतू. परंतु सहलीची गोडी लागली ती लागलीच. पुढे लँकेशायरमधील कापडगिरण्या वर्षातून एक आठवडा बंद ठेवीत आणि त्या दिवसांत गावेच्या गावे ब्लॅकपूलच्या समुद्रकिनाऱ्यावर लोटत. आगगाडीच्या मागून मोटारी आल्या. आजही तिकडील वृद्ध मंडळी मोठ्या बसमध्ये बसून चार-आठ दिवस समुद्रकाठ आणि डोंगरदऱ्या पाहत फिरतात. सामान उचलण्याची चिंता नाही, वाट चुकण्याचे भय नाही आणि शेजारी गप्पा मारावयास माणूस आहे; उतारवयात याहून अधिक सुख ते कोणते?

आपल्याकडे मोटारीच्याही आधी वारी होती, जत्रा होत्या. आगरी-कोळी समाज कार्ल्याच्या एकवीरेला पिढ्यान्‌पिढ्या जथ्याने जात आला आहे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर एस. टी.ची पहिली गाडी धावली आणि पुढे खेड्यापाड्यांतील माणसाला दूरची देवस्थाने जवळ आली. गावाने मिळून आख्खी गाडीच ठरवावी, ही कल्पनाही मग ओघानेच आली. एस. टी.च्या भाषेत तिला ‘प्रासंगिक करार’ असे भारदस्त नाव आहे. शाळेच्या सहलीला जाणाऱ्या मुलांना ते ठाऊक असेल.

शिरवण्याच्या बसची सारी व्यवस्था नाना पाहत. नाना कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्याजवळ एक लांबट वही असे. त्या वहीत यात्रेकरूंची नावे, भरलेले पैसे, आणि कोणाला घाटात उलटी होते याची नोंद असे. काही नावांवर आडवी रेघ मारलेली दिसे. ती माणसे पूर्वी येत. आता ती नव्हती. नाना ती पाने फाडीत नसत.

त्या वर्षी बस भरेना. दोन-तीन घरांनी स्वतःच्या मोटारी घेतल्या होत्या. ‘आम्ही आमच्या गाडीने जाऊ, एका दिवसात चार देव उरकू,’ असे ते म्हणाले. देव ‘उरकणे’ हा शब्द नानांना फार लागला. परंतु ते बोलले काही नाहीत. अखेर निघण्याच्या आदल्या रात्री एकोणपन्नासांपैकी एक आसन रिकामे राहिले. तेव्हा गावातील सर्वांत वयस्कर यात्रेकरू, जिला लहानथोर ‘बाय’ म्हणत, ती आपल्या वरच्या खोलीतील भाडेकरूचा दहा वर्षांचा मुलगा घेऊन आली. हे कुटुंब उत्तरेकडील जौनपूरचे. बाप कारखान्यात पाळीवर. त्याला रजा नव्हती. मुलगा पालिकेच्या शाळेत जाई आणि मराठी चांगली बोले.

‘गावच्या बसला बाहेरचा पोर कशाला?’ असे कोणीतरी मागून म्हटले.

‘शीट रिकामी जातंय, त्यापेक्षा पोर गेला तर काय झाला?’ बाय म्हणाली. एवढ्यावर तो विषय मिटला; निदान मिटल्यासारखा दिसला.

पहाटे चार वाजता महामार्गाच्या कडेला बस उभी राहिली. गल्लीत ती शिरणे शक्यच नव्हते. म्हणून पातेली, शेगडी, तांदळाची पोती, सारे डोक्यावरून वाहून आणले गेले. नारळ फुटला. नानांनी पुढून मागपर्यंत जात, प्रत्येक आसनाच्या पाठीला हात लावीत, मोठ्याने माणसे मोजली. शेवटच्या बाकावर तो मुलगा खिडकीशी बसला होता. त्याच्यापाशी येऊन ‘एकोणपन्नास!’ झाले आणि बस हलली.

शास्त्राप्रमाणे ही यात्रा मोरगावपासून सुरू करून मोरगावीच संपवावी असे सांगतात. परंतु बसला शास्त्र नाही, रस्ता आहे. शिरवण्याहून निघालेल्या माणसाला प्रथम खोपोलीजवळचे महड लागते, मग पाली. पालीच्या देवळात एक मोठी घंटा आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकली. तेथून आणलेली ही युरोपात ओतलेली घंटा त्यांनी बल्लाळेश्वराला वाहिली. समुद्रापलीकडून आलेला तो धातू सरसगडाच्या पायथ्याशी इतकी वर्षे टोल देत आहे. मुलगा त्या घंटेखाली मान वर करून बराच वेळ उभा राहिला. नानांना त्याला हाताला धरून आणावे लागले.

बोरघाट चढून दुपारी बस थेऊरला पोहोचली. थोरले माधवराव पेशवे १७७२ साली येथेच, देवाच्या सान्निध्यात वारले. आचाऱ्याने वडाच्या सावलीत भात लावला. जेवताना पंगत बसली, तेव्हा त्या मुलाच्या दोन्ही बाजूंस एकेका माणसाची जागा मोकळी राहिली. मुद्दाम कोणी तसे केले असे नाही, तसे घडले. बाय आपले ताट घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसली.

रात्री मोरगावला मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धटेक. अष्टविनायकांत उजव्या सोंडेचा गणपती हा एवढाच. प्रदक्षिणा घालावयाची तर साऱ्या टेकडीला वळसा घालावा लागतो. बायने अर्ध्या वाटेवरच हात जोडले. पूर्वी शिरापूरच्या बाजूने येणाऱ्यांना भीमा नावेतून ओलांडावी लागे; आता पूल झाला आहे. नदी पाहून गावच्या वृद्धांना एकदम कंठ फुटला. वल्हे कसे धरावे, ओहोटीला होडी कशी सोडावी, याच्या गोष्टी पुढे रांजणगाव येईपर्यंत चालल्या होत्या. ज्यांनी त्या ऐकाव्यात ते तरुण मात्र कानांत गाणी घालून झोपले होते. ऐकत होता तो शेवटच्या बाकावरचा मुलगा.

रांजणगाव झाले, ओझर झाले; आणि दिवस कलता कलता बस लेण्याद्रीच्या पायथ्याशी लागली. कुकडीच्या खोऱ्यातील या डोंगरात बौद्ध लेण्यांची ओळच आहे आणि त्यांतील एका विहारात गणपती आहे. सुमारे तीनशे पायऱ्या चढून जावे लागते. बायने पायऱ्यांकडे पाहिले आणि आपल्या गुडघ्यांकडे पाहिले. डोलीवाले विचारावयास आले. ‘जित्या माणसानं चौघांच्या खांद्यावर कशाला बसायचा?’ असे म्हणून तिने त्यांना परत पाठविले आणि ती बसमध्येच डोळे मिटून बसली. त्या मुलाची पिशवी तिच्या मांडीवर होती.

माणसे चढली, उतरली. कोणी लवकर, कोणी सावकाश. तळावर एकसारख्या पांढऱ्या बसगाड्यांची रांग लागली होती. अंधार पडू लागला. पुढे माळशेजचा घाट होता आणि ड्रायव्हर उतावीळ झाला होता. बसमधील दिवा नीट लागत नव्हता, माणसे अजून उभीच होती. तेव्हा नानांनी दोन दिवसांत प्रथमच डोकी मोजली नाहीत. दाराशी उभे राहून, विजेरीच्या उजेडात, त्यांनी वहीतील नावे वाचली. प्रत्येक नावाला ‘हो’ आले. एकही नाव वाया गेले नाही. नानांनी वही मिटली, ड्रायव्हरने इंजिन सुरू केले.

‘एक कमी हाय,’ बाय म्हणाली.

‘नाही बाय, सगळी आहेत. वहीत पाहिलं मी.’

बायने ती पिशवी उचलून दाखविली. नानांनी वही पुन्हा उघडली. तीत अठ्ठेचाळीस नावे होती. आदल्या रात्री आलेल्या पोराचे नाव लिहावयाचे राहूनच गेले होते.

मागून कोणी म्हणाले, ‘तो इथेच कुठे तरी असेल, येईल मागच्या गाडीने.’ हे वाक्य कोण बोलले, ते पुढे कोणीच कबूल केले नाही. बाय उठली. आसनांना धरीत धरीत ती दारापर्यंत गेली आणि बसच्या पायरीवर बसली. तिच्या अंगावरून गेल्याशिवाय दार लागणे शक्य नव्हते. ड्रायव्हरने इंजिन बंद केले.

मग मात्र सारी बस खाली उतरली. चार तरुण पायऱ्यांकडे धावले. आदल्या दिवसापासून कानांतून न निघालेली त्यांची यंत्रे आता गळ्यात लोंबत होती. बायका दुकानदारांना विचारू लागल्या. नाना तळावर एकेका बसपाशी जाऊन हाका मारू लागले. मारावयाची हाक कोणती, याचीही पंचाईत होती. कारण त्या मुलाचे नाव त्यांना ठाऊक नव्हते. त्यांना ते बायकडे परत येऊन विचारावे लागले. नानांच्या आयुष्यात इतकी खाली मान क्वचितच गेली असेल.

रांगेतील सहाव्या का सातव्या बसमध्ये मोठा गलका चालला होता. तीही कोण्या गावची यात्राच होती आणि तेथेही एक गृहस्थ माणसे मोजीत होते. तीनदा मोजले तरी त्यांचा एक माणूस जास्त भरत होता! नानांनी विजेरी आत मारली. अगदी शेवटच्या बाकावर, खिडकीशी, तो मुलगा गाढ झोपला होता. पायऱ्या उतरून तो सर्वांच्या आधी खाली आला होता. एकसारख्या पांढऱ्या गाड्यांत त्याने आपली जागा बरोबर ओळखली होती, चुकली होती ती बस.

नानांनी त्याला उठविले नाही. साठी उलटलेल्या त्या माणसाने त्याला खांद्यावर घेतले आणि आणले. बायने त्याला पाहिले. काही न बोलता ती पायरीवरून उठली. पण इतका वेळ बसल्याने तिचे गुडघे धरले होते. मघाच्या तरुणांपैकी दोघांनी तिला उचलून आसनावर ठेवले. चौघांच्या खांद्यांविषयी या वेळी ती काही म्हणाली नाही.

माळशेजच्या घाटाखाली चहासाठी बस थांबली. मुलगा जागा झाला होता आणि त्याच्या हातात कोणी भजी दिली होती, कोणी चिक्की. निघताना नाना म्हणाले, ‘आता तू मोज बघू.’ तो पुढून मागपर्यंत गेला, नानांसारखाच प्रत्येक आसनाला हात लावीत. शेवटच्या बाकाशी तो थांबला. त्याचा चेहरा उतरला. ‘नाना, अठ्ठेचाळीसच भरतात.’

सारी बस हसली. पुन्हा मोजले, पुन्हा अठ्ठेचाळीस. तेव्हा बायने मागे वळून आपल्या छातीवर हात ठेवून दाखविला. मुलगा क्षणभर तसाच उभा राहिला आणि मग आपल्या छातीवर हात ठेवून एवढ्या मोठ्याने ‘एकोणपन्नास’ म्हणाला की ड्रायव्हरने दुसरी खूण न पाहता गाडी सोडली.

मध्यरात्र उलटून गेल्यावर बस शिरवण्याला लागली. महामार्गाच्या कडेला कारखान्याच्या गणवेशात एक माणूस उभा होता. पाळी सुटल्यावर तो घरी न जाता तेथेच थांबला असावा. पातेली उतरली, पोती उतरली, झोपलेली लहान मुले एकेकाच्या खांद्यावरून गल्ल्यांत शिरली. क्लीनर आसनांखालून शेंगांची टरफले झाडू लागला. नानांनी खांबाच्या दिव्याखाली वही उघडली आणि मुलाच्या बापाला त्याचे पुरे नाव विचारले. ते त्यांनी अठ्ठेचाळीसाव्या नावाखाली लिहिले. मग आणखी एक पान उलटून, पुढील वर्षाच्या यादीतही लिहिले. पैशांच्या रकान्यात काय लिहावे, हे त्यांना सुचेना. तो रकाना त्यांनी तसाच ठेवला.