पाठदुखीतून निघालेली वाट



जेम्स गॉर्डन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाच्या समग्र चिकित्सेकडे वळण्यात त्यांच्या पाठदुखीचा मोठा वाटा आहे. शिक्षण हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयातले, नोकरी राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतली आणि काम घरातून पळालेल्या मुलांसंबंधीचे. पाठ धरली आणि नेहमीच्या उपचारांनी आराम पडेना, तेव्हा त्यांनी श्याम सिंघा यांना विचारले. सिंघा मूळचे भारतीय, लंडनमध्ये अॅक्युपंक्चर आणि ऑस्टिओपथी करणारे. त्यांनी सांगितलेले पथ्य असे : आठवडाभर दिवसाला तीन अननस, दुसरे काही नाही. गॉर्डन यांची पाठ सुधारली. अननसात सूज उतरवणारे ब्रोमेलेन असते हे खरे. पण पुष्कळ पाठदुख्या काही आठवड्यांत आपणहून बऱ्या होतात, हेही तितकेच खरे. एका माणसाच्या पाठीवरून अननसाला श्रेय देता येत नाही.

सिंघांकडूनच गॉर्डन यांना पुण्यात आश्रम असलेल्या गुरू रजनीशांच्या ‘डायनॅमिक’ ध्यानाची ओळख झाली. हे ध्यान तासाभराचे असते. पहिली दहा मिनिटे नाकाने जोरजोरात, बेताल श्वास; पुढची दहा रडणे, ओरडणे, हातपाय झाडणे, जे येईल ते; मग दहा मिनिटे हात वर करून उड्या. त्यानंतर पंधरा मिनिटे जागच्या जागी स्तब्ध आणि शेवटची पंधरा नाच. कोरेगाव पार्कातल्या त्या आश्रमातील आरडाओरड्याच्या गोष्टी पुण्यात आजही चवीने सांगितल्या जातात, त्यामागे हेच होते. गॉर्डन यांना त्यात उपचाराचे बीज दिसले. भीतीने गोठलेल्या शरीराला ‘शांत बस’ म्हणून भागत नाही. आधी ते हलवावे लागते. मात्र त्यांनी भगवी वस्त्रे घेतली नाहीत. पुण्यातून अमेरिकेतल्या ऑरेगनपर्यंत गेलेल्या रजनीशांच्या पंथाचा आणि त्याच्या घसरणीचा त्यांनी अभ्यास केला आणि 1987 मध्ये ‘द गोल्डन गुरू’ हे पुस्तक लिहिले. पद्धत उचलायची आणि गुरूला प्रश्न विचारायचे, हे वाटते तितके सोपे नसते. गॉर्डन यांच्या साऱ्या वाटचालीत हाच भाग सर्वांत मोलाचा.

1991 मध्ये त्यांनी वॉशिंग्टनमध्ये ‘सेंटर फॉर माइंड-बॉडी मेडिसिन’ सुरू केले. तिथली पद्धत लहान गटांत शिकवतात : पोट सैल सोडून संथ श्वास, कल्पनाचित्रण, चित्रे काढणे, अंग हलवणे, बायोफीडबॅक. संथ श्वासाने व्हेगस चेतातंतूमार्फत हृदयाची गती उतरते आणि लढा-किंवा-पळा ही अवस्था सैलावते. म्हणजे मनाकडे जायचा रस्ता इथे पोटावरून जातो.

पद्धतीची कसोटी लागली कोसोवोत. युद्धानंतर आघातोत्तर तणावविकार जडलेल्या 82 किशोरवयीन मुलांवर यादृच्छिक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. बारा सत्रे, आणि ती घेणारे डॉक्टर नव्हेत, तर प्रशिक्षण घेतलेले शाळेतले शिक्षक, मनोविकारतज्ज्ञ सल्ल्यापुरते. उपचाराची वाट पाहणाऱ्या गटाच्या तुलनेत या मुलांची लक्षणे ठळकपणे घटली आणि तीन महिन्यांनीही तो फरक टिकून होता. जिथे मनोविकारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजावे लागतात, तिथे शिक्षकांकरवी होणारा उपचार ही चैन नव्हे, गरज.

मधल्या काळात, 2000 ते 2002, गॉर्डन पूरक व पर्यायी वैद्यकाच्या धोरणासाठी नेमलेल्या अमेरिकी अध्यक्षीय आयोगाचे प्रमुख होते. आयोगाने अशा उपचारांवर अधिक संशोधन आणि वैद्यकीय शिक्षणात त्यांची ओळख सुचवली. सिद्ध न झालेल्या उपचारांबाबत अहवाल पुरेसा कठोर नाही, असे आयोगातल्याच दोन सदस्यांनी वेगळे लिहून दिले. ती हरकत रास्त होती. कोसोवोतल्या चाचणीलाही ती थोडी लागू पडते : मुले थोडी, आणि तुलना दुसऱ्या उपचाराशी नव्हे, नुसत्या वाट पाहण्याशी. त्यामुळे गुण श्वासाचा किती, चित्रांचा किती आणि रोजच्या ओळखीच्या मास्तरांसमोर मोकळे होण्याचा किती, हे त्यातून वेगळे काढता येत नाही.