शंभर कोणाचे?

सांगली

चि. मनूस,


सातवीच्या वह्यांचे फोटो पोचले. तू लिहिलंस की, पोरांना शेकडा काढता येतो, पण शाब्दिक उदाहरण दिलं की हात टेकतात. मी सगळी पानं मोठी करून बघितली. मला तर तुझ्या वर्गातली मुलं हात टेकताना दिसत नाहीत. उदाहरण धड वाचायच्या आधीच ती गणित करून मोकळी होतात, आणि दुखणं तिथंच आहे.

सायकलचं उदाहरण घे. छापील किमतीवर 20 टक्के सूट देऊन दुकानदाराने सायकल 3600 रुपयांना विकली, तर छापील किंमत किती? तिसऱ्या फोटोतल्या मुलाने (अक्षर किती देखणं आहे गं त्याचं!) 3600 चे 20 टक्के काढले, 720 आले, ते 3600 मध्ये मिळवले आणि 4320 खाली दोन रेघा मारल्या. गुणाकार बरोबर, भागाकार बरोबर, बेरीज बरोबर. सूट दिली म्हणजे छापील किंमत जास्त असणार, हेही त्याला उमगलं आहे. तू लाल फुली मारून शेजारी 4500 लिहिलंस. त्या फुलीवरून त्याला काय कळलं असेल? त्याऐवजी त्याला ताळा करायला लाव. 4320 वर 20 टक्के सूट म्हणजे 864. उरले 3456. दुकानदाराला तर 3600 मिळालेत. मग हे 144 रुपये आले कुठून, हे त्याचं त्यालाच शोधू दे.

शोधता शोधता तो एकाच प्रश्नापाशी येईल. 20 टक्के म्हणजे शंभरातले 20 हे खरं, पण शंभर कोणाचे? सूट छापील किमतीवर होती, तेव्हा शंभर छापील किमतीचे. त्याने ते विक्रीच्या किमतीचे धरले. माझ्या मते या साऱ्या प्रकरणात अवघड गोष्ट ही एवढीच. बाकीची आकडेमोड त्यांना पाचवीपासून येते.

म्हणून फळ्यावर आधी दोन ओळी मांडत जा. वरची ओळ शंभराची: छापील 100, सूट 20, विक्री 80. खालची ओळ खऱ्या रुपयांची: छापील किती ते माहीत नाही, सूट माहीत नाही, विक्री 3600. आता 80 च्या खाली 3600 आले, तर 1 च्या खाली 45 आणि 100 च्या खाली 4500. ही त्यांची ओळखीची एकमान पद्धतच. नफा-तोट्यात शंभर खरेदी किमतीचे, व्याजात मुद्दलाचे, निकालात एकूण गुणांचे. मांडणी तीच. 1180 रुपयांच्या बिलात 18 टक्के जीएसटी धरलेला असेल, तर कर 180 रुपयेच, कारण शंभर मूळ किमतीचे आहेत. 1180 चे 18 टक्के काढणारं मूल 212 रुपये 40 पैसे सांगेल. सूत्रं पाठ करून घेऊ नकोस. सूत्र विसरलं की मूल रिकाम्या हाताने उभं राहतं.

याहून मला जास्त खटकतं ते 'सूट' दिसली की वजा करा, 'वाढ' दिसली की मिळवा, असं शिकवणं. पुष्कळ वर्गांत हे चालतं. घाईच्या दिवसांत त्याने थोडे गुण पदरात पडतातही, पण मूल वाचायचं सोडून देतं. 'मुलग्यांपेक्षा मुली 25 टक्के जास्त आहेत, तर मुलींपेक्षा मुलगे किती टक्के कमी?' हे घालून बघ. सगळा वर्ग एका सुरात 25 म्हणेल. मग 40 मुलगे आणि 50 मुली घ्यायला सांग. फरक दोन्हीकडून दहाचाच. 40 वर दहा म्हणजे 25 टक्के, 50 वर दहा म्हणजे 20 टक्के. कोणाशी तुलना चालली आहे ते 'पेक्षा' सांगतो, आणि शंभर त्याचेच. या 'पेक्षा', 'वर', 'च्या'खाली पेन्सिलने रेघ ओढायला लाव.

हे काही नवं नाही. भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या 'लीलावती'त व्याजाचं एक उदाहरण आहे: शंभरावर महिन्याला पाच व्याज, तर सोळावर वर्षाचं व्याज किती? उत्तर 9 पूर्णांक 3 पंचमांश. त्याआधी त्रैराशिक सांगताना त्यांनी अट घातली की, पहिली आणि शेवटची राशी एकाच जातीच्या हव्यात. शंभर मुद्दलाचे, तर सोळाही मुद्दलाचेच. तुझ्या वर्गातल्या त्या सायकलवाल्याने हीच अट मोडली: शंभर होते छापील किमतीचे आणि त्यांच्या जोडीला त्याने बसवले विक्रीचे 3600.

आता तुझ्या गावाकडे येते. तू शिरोळ तालुक्यात शिकवतेस. तुझ्या वर्गातल्या किती घरांत ऊस आहे ते तुला ठाऊक. जयसिंगपूरला ऊस परिषद भरते, तेव्हा घराघरांत दराची आणि उताऱ्याची (शंभर किलो उसातून निघणाऱ्या साखरेची) बोलणी चालतात, पोरांच्या कानावर ती पडतात. मग त्यांना सायकलच्या दुकानात कशाला न्यायचं? 2025-26 च्या हंगामाला केंद्राने ठरवलेली एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, होती 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये, आणि पुढे उताऱ्याच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3 रुपये 46 पैसे जादा. टनाला 3550. (त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते, ते निराळं गणित.) उतारा 11.25 झाला, तर 0.1 च्या दहा पायऱ्या चढल्या, टनाला 346 रुपये वाढले, दर 3896 झाला.

इथे थांब आणि विचार: उतारा किती टक्क्यांनी वाढला? घरी सगळे 'एक टक्का' म्हणतात. मग दर एक टक्क्याने वाढायला हवा होता, म्हणजे साडेपस्तीस रुपयांनी. तो 346 ने कसा वाढला? मुलांना टनाची साखर मोजू दे. आधी 102.5 किलो, आता 112.5 किलो. 102.5 वर दहा किलो म्हणजे जवळजवळ पावणेदहा टक्के. आणि 3550 वर 346 म्हणजेही जवळजवळ पावणेदहाच. वाढ एकच. शंभर उसाचे धरले तर ती एक टक्का दिसते, साखरेचे धरले तर पावणेदहा. आपल्या घरच्या बिलाचं हे गणित ज्या मुलाने स्वतः सोडवलं, तो पुढे वर्तमानपत्रातली टक्क्यांची बातमी डोळे झाकून वाचणार नाही. सातवीत असं घालायचं का, म्हणून तू बिचकशील. खुशाल घाल. पुस्तकातली दहा उदाहरणं राहिली तरी चालतील.

ज्यांच्या घरी ऊस नाही त्यांच्याकडे बहुधा गाईम्हशी असतील. डेअरीच्या पावतीवरचं 3.5 फॅट म्हणजे शंभर किलो दुधात साडेतीन किलो स्निग्धांश. तीही पावती वर्गात येऊ दे.

शिष्यवृत्ती परीक्षेची भीती पालक घालतील. त्या परीक्षेत चार पर्याय असतात, आणि सायकलसारख्या उदाहरणाला 4320 हा पर्याय प्रश्न काढणाऱ्याला आधी सुचतो. त्याला न फसणारं मूल वेगाने तयार होत नाही. आठवडाभर रोज दोनच उदाहरणं दे, पण प्रत्येकाचा ताळा मुलांकडून वहीत मांडून घे.

आणि एक माझं ऐक. पुढच्या घटक चाचणीत प्रत्येक उदाहरणाच्या पहिल्या ओळीत 'शंभर कोणाचे' हे लिहायला सांग, आणि उत्तर चुकलं तरी त्या ओळीचा गुण कापू नकोस. चाचणी झाली की वह्या मला पाठव, त्या देखण्या अक्षराची आधी.

तुझी,
आत्या