श्यामची आई आमच्या वस्तीत

मे महिन्यात आमच्या चांदीपच्या वस्तीत पोरांनी पडदा लावला. पडदा कसला, घरातलीच पांढरी चादर. वर्गणीतून घेतलेला लहानसा प्रोजेक्टर. आणि सिनेमा कोणता, तर आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई'. १९५३ सालचा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेला.

त्यावरून कार्यकर्त्यांत आधीच जुंपली. एकजण म्हणाला, बामणाच्या आईचं रडगाणं आपल्या पोरांना कशाला? 'फँड्री' दाखव, 'जयंती' दाखव. त्याचं चूक नव्हतं. पण मी अडून बसलो. का, ते आजवर कुणाला बोललो नव्हतो.

मी सातवीत असताना शाळेत हाच सिनेमा दाखवला होता. आई मरते तिथं सगळा वर्ग मुसमुसत होता. मीही. माझा तर हुंदका फुटला. तेव्हा एक गुरुजी माझ्याकडं बघून दुसऱ्याला म्हणाले, "बघा, यांनाही कळतं हो." यांनाही! डोळ्यातलं पाणी डोळ्यातच सुकलं. पुढं चळवळीत आलो आणि ह्या सिनेमाची टिंगल करणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यात मोठा असायचा. रडलो होतो ही गोष्ट मी चोरीच्या मालासारखी लपवली. म्हणून मला बघायचं होतं, आपली माणसं आपल्या अंगणात, कुणाच्या शाबासकीशिवाय हा सिनेमा बघतात तेव्हा काय होतं.

अंधार पडल्यावर सुरू केला. पाऊस लांब होता, वीटभट्ट्या चालू होत्या, म्हणून भट्टीवरची कातकऱ्यांची पोरंही येऊन बसली. आधी नुसता हशा. बोलणं पोरांना गमतीचं वाटलं. न्हाल्यावर पायाला माती लागू नये म्हणून आई पदर पसरते, त्यावर श्याम पाय ठेवतो. शाळेत तिथं सगळ्यांनी आदरानं श्वास रोखला होता. इथं भट्टीवरची एक पोरगी मोठ्यानं म्हणाली, "हिची आय दिसभर घरीच असते?" कुणी हसलं नाही. तिची आय अंधार असतानाच गारा तुडवायला जाते. पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन भट्टीच्या कडेला. पदर पसरायला आधी आय घरी पाहिजे ना.

मग ते विहिरीचं. श्याम पोहायला घाबरतो, आई त्याला फोकानं मारत विहिरीवर धाडते. माझ्या शेजारी आमचे एक तात्या बसले होते, सत्तरी ओलांडलेले. ते हळूच म्हणाले, "विहीर कुनाची?" मी म्हणालो, तात्या, गावाची असेल. ते म्हणाले, "मंग आमाला मारून आत धाडायची गरज नव्हती. आमी नुसतं काठावर गेलो तरी मार व्हता." म्हाताऱ्याच्या त्या एका वाक्यात महाडचं तळं, १९२७ सालचं, सगळं आलं. मी भाषणात अर्धा तास घेतो.

पण दोस्तहो, खरी गंमत पुढं झाली. सावकाराचा तगादा सुरू झाला आणि माझी आजी, जी तोवर पेंगत होती, ती ताठ बसली. आणि रडायला लागली. आईच्या मरणाला नाही, कर्जाला. "त्यांनाबी व्हतं?" एवढंच म्हणाली. तिनं आयुष्यभर उचल घेतलेली, फिटली कधी नाही. तिला वाटायचं, दारात येऊन अपमान करणारा माणूस फक्त आपल्याच दारात येतो. आता ह्या रडण्याला काय म्हणायचं? ते कुणाचं? मी कुठल्याच पुस्तकात त्याचं उत्तर वाचलेलं नाही. तिला गप्प करायचा अधिकार मला नव्हता एवढं कळलं.

सिनेमा संपल्यावर मी पुस्तक काढलं. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, बेचाळीस रात्रींच्या गोष्टी. त्यात एक म्हारणीची आहे. म्हातारीची मोळी खाली पडलेली, उचलून डोक्यावर द्यायला कुणी तयार नाही. श्यामची आई श्यामला पाठवते. आणि सांगते, घरी येऊन आंघोळ कर. मी तो भाग वाचून दाखवला. आजीनं विचारलं, "पोरानं केली आंगुळ?" केली. "मंग म्हातारीनं काय केलं?" मी पुढची पानं चाळली.  आजी म्हणाली, "तिची सांग ना रं."

पोरांत परत जुंपली. एक म्हणे, गुरुजींनी १९४७ मध्ये पंढरपूरच्या देवळासाठी उपोषण केलं, प्राण पणाला लावले, ते विसरू नका. दुसरा म्हणे, आम्ही १९३५ सालीच येवल्यात त्या देवाकडं पाठ फिरवली होती, दार उघडून काय उपयोग? दोघंही खरं बोलत होते. गुरुजी माणूस लबाड नव्हता. मला तर वाटतं, ती आंघोळ त्यांनी लिहून ठेवली हेच त्यांचं प्रामाणिकपण. लबाड माणसानं ती गाळली असती.

आणि एक सांगतो. गुरुजींचं पालगड दापोली तालुक्यात. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे शेजारच्या मंडणगडात. सुभेदार रामजी निवृत्तीनंतर काही काळ दापोलीतच राहिले. म्हणजे मातीसुद्धा तीच. भीमाबाई गेल्या तेव्हा भीवा पाच-सहा वर्षांचा. त्याला आईच्या बेचाळीस रात्री मिळाल्याच नाहीत. आत्या मीराबाईनं वाढवलं. अत्र्यांनी पुढं १९५४ मध्ये 'महात्मा फुले' काढला, त्याच्या मुहूर्ताला बाबासाहेब आले होते. पण भीवाच्या लहानपणावर एवढा हळवा, एवढा गाजलेला सिनेमा मला तरी माहीत नाही.

चित्रांचं पुस्तक मात्र आहे. 'भीमायन', २०११ सालचं. चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम ह्या गोंड कलावंतांची. इंग्रजीत असलं तरी चित्रांना काय भाषा? दुसऱ्या दिवशी मी ते पोरांत उघडलं. मसूर स्टेशनावर उतरलेली नटूनथटून आलेली भावंडं. जात कळल्यावर दुप्पट भाड्यानं मिळालेली बैलगाडी, तीही पोरांनीच हाकायची, गाडीवान पायी. जवळ डबा भरलेला, पण रात्रभर पाणी नाही.

भट्टीवरची तीच पोरगी पान उलटू देईना. तिनं चित्रावर बोट ठेवलं. "ह्याची आय कुटंय?"

मी म्हणालो, मेली होती.

"मंग ह्याला कोन रडलं?"

आजी दारात भांडी घासत होती. तिनं हात थांबवला आणि माझ्याकडं बघत राहिली.