वृक्षविशेष

संस्कृत काव्यांवरील टीका ज्यांनी चाळल्या आहेत त्यांस एक गोष्ट ठाऊक असेलच. श्लोकात एखाद्या झाडाचे नाव आले की टीकाकार पुष्कळदा ‘वृक्षविशेष’ एवढेच लिहून पुढे जातो. पाखरू आले तर ‘पक्षिविशेष’. शाळेत संस्कृत शिकविताना आम्हीही जन्मभर हेच केले. ऋतुसंहाराच्या तिसऱ्या सर्गात शरदाचे वर्णन आहे. त्यातील वेचे शिकवीत असता एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, “सर, कोविदार म्हणजे कोणते झाड? आपल्याकडे असते का?” आम्ही म्हणालो, “वृक्षविशेष लिही; परीक्षेस तेवढे पुरते. खाली बस.” मुलगा खाली बसला. त्यानंतर वर्षभर त्याने काही विचारले नाही.

सेवानिवृत्तीनंतर प्रकृतीस्वास्थ्यासाठी आम्ही पुण्याच्या वेताळ टेकडीवर सकाळी फिरावयास जाऊ लागलो. सुट्टीच्या दिवशी दहा वर्षांचा नातू बरोबर असतो. वास्तविक आम्ही त्यास सुभाषिते शिकवावी म्हणून नेत होतो. परंतु टेकडीवर गुरुशिष्यांच्या जागा लवकरच बदलल्या.

आश्विन लागला की टेकडीचे रूप पालटते. पावसाळ्यातील हिरवे गवत पिवळे पडू लागते आणि कुर्डूचे पांढरट-गुलाबी तुरे वाटेच्या दोहो बाजूंस डोलू लागतात. अशाच एका सकाळी आमचे धोतर कुसळांनी भरून गेले. आम्ही त्रासून ती उपटून फेकू लागलो. नातवाने मात्र एक कुसळ तळहातावर घेऊन त्यावर बाटलीतील पाण्याचा थेंब सोडला. पाहतो तो कुसळाच्या शेपटीचा पीळ उलगडू लागला आणि ते हातावर जिवंत किड्यासारखे फिरू लागले! ओल लागली की पीळ सुटावा, वाळले की पुन्हा पडावा, आणि या फिरण्याने टोकाकडील बीज मातीत रुतत जावे, अशी ती योजना आहे. टोकावरचे उलटे केस त्यास मागे सरकू देत नाहीत. साठी उलटेपर्यंत आम्ही कुसळे केवळ उपटीतच आलो होतो.

पुढे दगडाच्या जुन्या खाणीत साठलेल्या पाण्यापाशी आम्ही बसलो. काठावर एक करडे-पांढरे पाखरू शेपटी सारखी खालीवर हालवीत, तुरुतुरु धावत किडे टिपीत होते. “आजोबा, धोबी आला! परवापर्यंत नव्हता,” नातू कुजबुजला. धोबी, परीट ही त्याची आपल्याकडील नावे, संस्कृतात खंजन. नायिकेच्या चंचल नेत्रांस कवी ज्याची उपमा देतात आणि ज्याच्या दर्शनाच्या शुभाशुभावर वराहमिहिराने बृहत्संहितेत स्वतंत्र अध्याय लिहिला, तोच हा आमचा ‘पक्षिविशेष’! हिमालयात व त्याच्याही उत्तरेस पिले वाढवून तो शरदात इकडे उतरतो आणि उन्हाळ्याच्या तोंडी परत जातो. उपमा किती यथार्थ आहे हे आम्हास त्या दिवशी प्रथम कळले. शिकविली मात्र शेकडो वेळा.

परंतु खरा धडा दसऱ्यास मिळावयाचा होता. सायंकाळी बाजारातून सोन्याची जुडी आली. नातवाने त्यातील एक पान घेऊन आपल्या वहीतील पानाशेजारी ठेविले. वहीतील पान टेकडीवरील आपट्याखाली पडलेले. लहान, जाड, लांबीपेक्षा रुंदीस अधिक. जुडीतील पान चांगले मोठे व पातळ. “आजोबा, हा आपटा नव्हेच.” वनस्पतींचे पुस्तक काढून पाहिले. जुडी कांचनाची होती. शरदात जांभळट-गुलाबी फुलांनी बहरणारे जे झाड कित्येक बंगल्यांच्या आवारांत दिसते, ते हेच. खाली संस्कृत नावे दिली होती. त्यांत एक नाव होते – कोविदार.

पान आमच्या हातात तसेच राहिले. इतकी वर्षे दसऱ्यास विद्यार्थी सोने घेऊन नमस्कारास येत. त्या मुलानेही बहुधा हेच पान आमच्या हातावर ठेविले असेल. आणि आम्ही ‘वृक्षविशेष’ खिशात घालून त्यास आशीर्वाद दिला असेल.

आता आमच्या घरी जुडी येत नाही. दसऱ्यापूर्वी सर्व मुले टेकडीवर जाऊन आपटा ओळखून येतात. फांदी न मोडता गळलेले एकेक पान आणितात आणि तेच देवापुढे ठेवून वडीलधाऱ्यांस देतात. वाचकांनीही घराजवळच्या टेकडीवर वा नदीकाठी मुलांस घेऊन एकदा जावे आणि त्यांनी विचारले तर थांबावे. उत्तर ठाऊक नसल्यास तसे सांगण्यात कमीपणा नाही. ‘खाली बस’ म्हणण्यात आहे.

तो विद्यार्थी आज कोठे असेल, कोण जाणे. हा अंक त्याच्या हाती पडला तर त्याच्या प्रश्नाचे उत्तर येथे देऊन ठेवितो : होय बाळा, कोविदार आपल्याकडे असतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे, आणि सध्या फुलला आहे.