लुकलुकता आकडा

आम्ही दोघे मराठी विभागात एकाच वर्षी रुजू झालो आणि एकाच सरांचे तास मागच्या बाकावर बसून ऐकत शिकवायला शिकलो. त्यामुळे या लेखातील 'आम्ही' संपादकीय थाटाचे नाही. जी चूक येथे सांगायची आहे, ती दोघांनी मिळून केलेली आहे.

२००४ साली महाविद्यालयातील दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी सरांच्या आवाजात ज्ञानेश्वरीतील निवडक ओव्या आणि त्यांवरील विवेचन ध्वनिमुद्रित करावे, असे आम्ही ठरवले. सर तेव्हा निवृत्त झाले होते. एका लहानशा स्टुडिओत तीन दुपारी हे काम झाले. खोलीच्या भिंतींना इतके जाड आवरण होते की सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "इथे शब्द ओठांवरून निघतो आणि तिथेच पडतो." त्यांना सवय होती पत्र्याच्या छताच्या वर्गाची. ओवीच्या अखेरीस ते आवाज खाली उतरवीत आणि सारा वर्ग नकळत पुढे झुके. ही त्यांची लकब आम्ही दोघांनीही उचलण्याचा प्रयत्न करून पाहिला होता; साधली कोणालाच नाही.

चौथ्या दिवशी आम्ही मिश्रणाला बसलो. ध्वनिमुद्रकाच्या शेजारच्या मांडणीत एक काळे, चपटे यंत्र होते : यामाहाचे एसपीएक्स ९०. कोरड्या आवाजाभोवती कृत्रिम घुमारा निर्माण करणारे हे यंत्र १९८०च्या दशकाच्या मध्यास आले आणि जगभरच्या लहान-मोठ्या स्टुडिओंत रुजले. त्याच्या स्मृतीत नव्वद जागा. १ ते ३० या क्रमांकांवर कारखान्याने भरून दिलेले प्रीसेट, जे पुसता येत नाहीत. ३१ ते ९० या जागा वापरणाऱ्याने स्वतःची मांडणी साठवावी म्हणून मोकळ्या. पहिल्या चार क्रमांकांची नावे हॉल, रूम, व्होकल आणि प्लेट. यातली प्लेट म्हणजे कुठलीच जागा नव्हे. डिजिटल यंत्रे येण्यापूर्वी पोलादाचा मोठा पत्रा टांगून, त्याला कंप देऊन घुमारा मिळवीत; त्या पत्र्याची ही नक्कल. म्हणजे नकलेची नक्कल!

या यंत्राची एक रीत आम्हांला पुढे फार आठवत राहिली. बाणाची कळ दाबली की पडद्यावरचा आकडा बदलतो, परंतु आवाज बदलत नाही. नवा आकडा नुसता लुकलुकत राहतो. 'रिकॉल'ची कळ दाबली की मगच तो स्थिर होतो आणि ती मांडणी प्रत्यक्षात उतरते. निवडणे आणि उतरवणे या दोन क्रिया आहेत आणि त्यांच्यामध्ये विचाराला जागा ठेवलेली आहे.

ती जागा आम्ही वापरली नाही. आकडा १ वर लुकलुकत होता. ध्वनिमुद्रकाने विचारले, "मॅडम, हॉल टाकू?" भाषेची माणसे आम्ही, आम्ही नावावर भाळलो. ज्ञानेश्वरी म्हणजे भव्यता आणि भव्यता म्हणजे सभागृह, असे समीकरण आमच्या मनात तयारच होते. खरे तर तोही एक प्रीसेटच. आम्ही मान डोलावली, आकडा स्थिर झाला आणि सरांचा आवाज एकाएकी उंच छताखाली जाऊन उभा राहिला. आम्ही भारावून गेलो. "घुमाऱ्याचा काळ थोडा कमी करू का?" असे त्याने पुन्हा विचारले. आम्ही 'नको' म्हणालो.

पंधरा दिवसांनी एका विद्यार्थिनीने तबकडी परत आणून दिली. ती म्हणाली, "सर मोठ्या देवळात उभे होते का? प्रत्येक ओवीचे शेवटचे शब्द लागत नाहीत." आम्ही तिच्यासमवेत पुन्हा ऐकले, या वेळी डोळे मिटून. सर आवाज खाली उतरवीत होते आणि आधीच्या, मोठ्याने उच्चारलेल्या शब्दांचा घुमारा त्या हलक्या शब्दांवरून वाहत जात होता. वर्ग जिथे पुढे झुकायचा, नेमके तेच बुडाले होते.

यामागचे शास्त्र आम्ही उशिरा वाचले. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाची इमारत उघडली, तेव्हा तिच्यातील व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणेच कळेना. वॉलेस सॅबिन या तरुण अध्यापकाकडे तो प्रश्न आला. रात्रीच्या शांततेत ऑर्गनची नळी वाजवून आवाज विरेपर्यंतचा काळ तो मोजी. सँडर्स थिएटरमधील आसनांच्या गाद्या आणून मांडी आणि पुन्हा मोजी. रिकाम्या व्याख्यानगृहात हा काळ सुमारे साडेपाच सेकंद भरला. म्हणजे वक्ता पुढच्या वाक्यात शिरला, तरी मागचे वाक्य हवेत शिल्लकच. पुढे ध्वनीची ऊर्जा दहा लाखांश होईपर्यंतचा काळ, म्हणजे साठ डेसिबलची उतरण, हे माप रूढ झाले. यंत्रावर ध्वनिमुद्रक जो काळ कमी करू पाहत होता, तो हाच. गाद्या आणून ठेवण्याचे काम तो एका कळीने करणार होता. आम्हीच त्याला अडवले.

ध्वनिशास्त्रात या घुमाऱ्याला अनुरणन म्हणतात. हा शब्द आम्ही दरवर्षी वर्गात शिकवतो, पण काव्यशास्त्राच्या तासाला. नवव्या शतकात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त ध्वनीचे प्रकार सांगताना, वाच्यार्थामागून क्रमाने जाणवणाऱ्या व्यंग्यार्थाला घंटेच्या टोल्यामागून येणाऱ्या नादासारखे, अनुरणनरूप, म्हटले. त्या उपमेतील मर्म असे की अनुरणन टोल्यातूनच उमटते. सरांच्या उतरत्या आवाजातही ते होतेच. ऐकणाऱ्याच्या मनात ते उमटावे म्हणून पुढे शांतता हवी होती. आम्ही ती शांतता बाहेरून आणलेल्या नादाने भरून टाकली.

सर २०११ साली गेले. तेव्हा आम्ही त्या स्टुडिओत जाऊन मूळचा कोरडा आवाज मागितला. हार्ड डिस्कवरची जागा मोकळी करण्यासाठी तो केव्हाच पुसला गेला होता. प्रत मागून ठेवण्याचे आम्हांला सुचले नव्हते. घुमारा कितीही वेळा घालता येतो, एकदा मिसळला की काढता येत नाही. अलीकडे तो कमी करणारी सॉफ्टवेअर निघाली आहेत. आम्ही वापरून पाहिली. सभागृह काहीसे आक्रसले, पण हलकी व्यंजनेही त्याबरोबर गेली. सरांचा जो आवाज आमच्यापाशी उरला आहे, तो ते कधीही उभे न राहिलेल्या एका सभागृहातला आहे.

आता आमचे विद्यार्थी विभागातल्या संगणकावर ध्वनिमुद्रण करतात. तिथे प्रीसेट शेकड्यांनी आहेत. यादीतल्या नावावर बोट पडले की आवाज त्याच क्षणी बदलतो. मधला लुकलुकता आकडा उरलेला नाही. म्हणून आम्ही एक नियम घातला आहे : आधी कोरडी प्रत वेगळी जपायची, मग हवी ती जागा उतरवायची आणि डोळे मिटून शेवटचे शब्द ऐकायचे. विद्यार्थ्यांना हा आमचा जुनाट हट्ट वाटतो. वाटो. गेल्या महिन्यात एका मुलाने कविता वाचली, सवयीने हॉल लावला, डोळे मिटून ऐकले आणि काही न बोलता तो काढून टाकला. मागे पंख्याची घरघर होती, खिडकीबाहेर कावळा होता. कवितेचा शेवट स्पष्ट ऐकू आला.