मिरजेची यात्रा

दक्षिण महाराष्ट्रांतील कोणत्याही घरीं वडीलधाऱ्या माणसानें हलक्या आवाजांत “आतां मिरजेस न्यावें लागेल” असें म्हटलें, कीं घरांतलीं मुलेंसुद्धां खेळ थांबवून मोठ्यांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. काशी, पंढरपूर, गाणगापूर हीं क्षेत्रें माणूस आपल्या इच्छेनें गांठतो. मिरजेची यात्रा मात्र कोणी हौसेनें करीत नाहीं. तरीहि या यात्रेस मुहूर्त लागत नाहीं कीं पर्वकाळ लागत नाहीं; यात्रेकरूंची रांग येथें बारा महिने अखंड असते.

पुणें, कोल्हापूर, बेळगांव आणि पंढरपूर या चारहि दिशांकडील लोहमार्गांचा मिरजेस सांधा आहे. पंढरपुराकडचा मार्ग पूर्वीं बार्शी लाइट रेल्वेचा, अरुंद रुळांचा होता. तोहि आतां रुंद झाला आहे. त्यामुळें एकाच गाडींतून अथणीकडचा कानडी शेतकरी, मंगळवेढ्याचा धनगर आणि पुण्याचा पेन्शनर असे तिघेहि उतरतात, आणि तिघांच्याहि हातांत जुन्या औषधांच्या चिठ्ठ्यांची पिशवी असते. १९४८ सालीं विलीनीकरण होईपर्यंत हें गांव पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होतें. जुन्या पेठा आणि अरुंद बोळ त्या काळाची आठवण अजून देतात. पण स्टेशनांतून बाहेर पडलेला मनुष्य पेठेची चौकशी करीत नाहीं. तो विचारतो, “दवाखाना कोणीकडे?” आणि टांगेवाल्यांची जागा घेतलेला रिक्षावाला त्याच्या तोंडाकडे एकवार पाहून विचारतो, “कोणता? हाडांचा, डोळ्यांचा, कां पोटाचा?”

या आरोग्यक्षेत्राचा पाया एका परदेशस्थानें घातला. कॅनडांत जन्मलेले डॉ. विल्यम वॉन्लेस हे मिशनरी वैद्य १८८९ सालीं हिंदुस्थानांत आले आणि १८९४ सालीं त्यांनीं मिरजेस रुग्णालय उघडलें. १८९७ सालीं तेथेंच वैद्यक शिकविण्याची शाळा निघाली. मोतीबिंदूनें अंध झालेले कित्येक वृद्ध त्यांच्या हातून पुन्हां नातवंडांचीं तोंडें पाहूं लागले. १९३३ सालीं त्यांचें देहावसान झालें, तरी सांगली आणि मिरज यांच्या मध्यें ‘वानलेसवाडी’ या नांवानें ते अजून नांदत आहेत. त्यांचा धर्म निराळा, आपला निराळा. पण ज्यांचे डोळे उघडले त्यांनीं त्यांचें नांव आपल्या भाषेंत घोळवून, त्यास ‘वाडी’ जोडून, आपलेंसें करून टाकलें. पुढें १९६२ सालीं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालें. खाजगी इस्पितळें तर गल्लोगल्लीं झालीं.

रोग्यांच्या या गांवांत सुरांचीहि वस्ती आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे भोपळे आणून त्यांचे तंबोरे व सतारी घडविणारे कारागीर येथें पिढ्यान्‌पिढ्या राहतात. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस आणि तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनहि मिळालें. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरांत १९३७ सालीं वारलेल्या अब्दुल करीम खांसाहेबांची कबर आहे, आणि उरुसांत मोठमोठे गवई तेथें हजेरी लावतात. आमच्या खोलीच्या खिडकींतून रात्रीं रुग्णवाहिकेचा कर्कश आवाज येई. आणि दिवसां जवळच्या गल्लींत कोणी कारागीर तंबोऱ्याची जवारी लावीत बसलेला असे. एकाच गांवीं हे दोन नाद. पहिला ऐकून उठलेली छातींतली धडधड दुसऱ्यानें थोडीशी खालीं बसे.

आमची यात्रा भाद्रपदांत घडली. माझ्या थोरल्या वहिनींच्या जठरांत व्रण होता. तो फुटून रक्तस्राव सुरू झाला आणि आमच्या गांवच्या डॉक्टरांनीं तासाभरांत हलविण्यास सांगितलें. मी सात वर्षांचा असतांना वहिनी आमच्या घरीं सून म्हणून आल्या. पुढच्याच वर्षीं आमची आई गेली, तेव्हांपासून मला आईची उणीव त्यांनीं भासूं दिली नाहीं. आतां त्यांची साठी उलटून गेली आहे. वाड्यांत चार संसार एका चुलीवर चालतात ते त्यांच्या जिवावर. अशा माणसाच्या पांढऱ्या पडलेल्या ओठांकडे पाहत जो प्रवास करावा लागतो, त्यांतील मैल मोजतां येत नाहींत.

शस्त्रक्रियेपूर्वीं रक्त हवें होतें, आणि वहिनींचा गट निघाला बी निगेटिव्ह, म्हणजे आपल्याकडे विरळाच आढळणारा. आम्हां घरच्यांपैकीं कोणाचेंहि रक्त जुळेना. रात्रीचे अकरा वाजलेले. रक्तपेढींत एकच पिशवी होती आणि दोन तरी हव्या होत्या. तेव्हां पुरुषांच्या कक्षांत बापाजवळ बसलेला एक तरुण आपण होऊन पुढें आला. तो सतारी करणाऱ्यांच्या घरचा, मुसलमान. कोपऱ्यांत चाललेलें आमचें बोलणें त्यानें ऐकलें होतें. रक्त देऊन तो पुन्हां बापाच्या उशाशीं जाऊन बसला. मीं आभाराचे शब्द जुळवूं लागलों तों तो म्हणाला, “काका, परवां अब्बांना कोणीतरी दिलंच ना? तो कोण, मला कुठं माहीत आहे?” कार्ल लँडस्टायनर या शास्त्रज्ञानें १९०१ सालीं माणसांच्या रक्ताचे गट जगापुढें मांडले. त्या विभागणींत जात, भाषा आणि पंथ यांची विचारपूस कोठेंहि नाहीं, हें मीं शाळेंत वाचलेलें होतें. त्या रात्रीं तें थेंबाथेंबानें नळींतून उतरतांना पाहिलें.

शस्त्रक्रिया पार पडली. खरी परीक्षा नंतरची. शस्त्रवैद्याचें काम दोन-तीन तासांचें, पुढचे पंधरा दिवस असतात ते कुशी बदलून देणाऱ्याचे, ओठ ओले करणाऱ्याचे आणि रात्रीं तिसऱ्या प्रहरीं “आतां किती वाजले?” या प्रश्नाला न कंटाळतां दहाव्यांदां उत्तर देणाऱ्याचे. आपल्या पूर्वजांनीं हें पुरतें ओळखलें होतें. चरकसंहितेंत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता म्हणजे जवळ राहून सेवा करणारा, आणि स्वतः रोगी. त्या उपस्थात्याच्या अंगीं चार गुण हवेत असें चरक म्हणतो. त्यास उपचाराचें ज्ञान असावें, तो दक्ष असावा, शुचिर्भूत असावा; आणि याच यादींत चरकानें रोग्याविषयींचा अनुरागहि घातला आहे. ज्ञान शिकवितां येतें, दक्षता अंगीं बाणवितां येते, स्वच्छतेची शिस्त लावतां येते. पण माया कोठून आणावी? आणि ज्याची आपली ना ओळख ना पाळख, त्याच्याविषयीं ती उपजते तरी कशी? चरकानें हें सांगितलेलें नाहीं. मिरजेच्या त्या कक्षांत तें मला दिसलें.

वहिनींच्या शेजारच्या खाटेवर अथणीकडची एक तरुण बाई होती. तिची दोन्ही मूत्रपिंडें निकामी होत चाललीं होतीं. तिची शुश्रूषा करीत होती तिची सासू. सत्तरीची, कपाळीं विभूति, गळ्यांत इष्टलिंग, आणि मराठीचे शब्द जेमतेम दहा-बारा. वहिनींस कानडी मुळींच येत नाहीं. दोघी एकमेकींस “अक्का” म्हणत. तेवढा एक शब्द दोन्हीं भाषांत चालतो, आणि पंधरवडाभर त्यांना तेवढा पुरला. स्त्रियांच्या कक्षांत रात्रीं पुरुषांना राहूं देत नसत. आमच्या सौभाग्यवती दिवसभर उभ्या राहून रात्रीं बसल्या जागीं पेंगत. अशा वेळीं ती म्हातारी आपल्या सुनेस निजवून हळूच इकडे येई आणि वहिनींचे तळपाय आपल्या खरबरीत हातांनीं चोळीत बसे. कोणी तिला सांगितलें नव्हतें. शेतांत राबलेला हात तो, पण वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, ती आली कीं मला झोंप लागते.”

सहाव्या दिवशीं डॉक्टरांनीं पातळ पेज देण्यास सांगितलें. आमची पेज धर्मशाळेंतून यावयाची होती, तिला उशीर झाला. म्हातारीनें आपल्या पितळी लोटींतली सुनेसाठीं केलेली पेज पुढें केली आणि म्हणाली, “गंजी.” मी क्षणभर स्तब्ध राहिलों. चाळीस वर्षें सोंवळें सांभाळणाऱ्या, प्रवासांत फळांवर राहणाऱ्या आमच्या वहिनी! त्यांनीं एकवार लोटीकडे पाहिलें, एकवार तिच्या तोंडाकडे पाहिलें, आणि लहान मुलानें करावें तसें तोंड उघडलें. त्या विषयावर त्या नंतर एक अक्षरहि बोलल्या नाहींत. मीहि विचारलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं वहिनी म्हणाल्या, “मला काय आतां इतक्यांत जातां येणार नाहीं. तुम्ही वाडीला जाऊन या. माझ्याजवळ अक्का आहे.” नरसोबाची वाडी मिरजेपासून जेमतेम वीस किलोमीटर. कृष्णा आणि पंचगंगा यांचा तो संगम. श्रीनृसिंहसरस्वतींनीं तेथें बारा वर्षें वास्तव्य केलें अशी परंपरा आहे. औदुंबराखालीं मूर्ति नाहीं, पादुका आहेत. विजापूरच्या बादशहाच्या आंधळ्या मुलीस येथें दृष्टि आली, म्हणून त्यानें देऊळ बांधून दिलें, अशी कथा सांगतात. त्या भाद्रपदांत नदी दोन्ही थड्या भरून वाहत होती. पाणी आणखी चढलें कीं तें गाभाऱ्यांत शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दारानें बाहेर पडतें. त्यास दक्षिणद्वार म्हणतात, आणि त्या स्नानासाठीं लोक धांवत येतात. २०१९ सालच्या ऑगस्टमधील महापुरांत तर सारें शिरोळ खोरें पाण्याखालीं गेलें होतें.

घाटावर एका जुन्या सेवेकऱ्यास मीं विचारलें, “पाणी चढल्यावर देवाचें काय करतां?” तो म्हणाला, “काय करायचं? उत्सवमूर्ति उचलतों आणि उंच जागेवर नेतों.” त्यास त्या उत्तरांत नवल वाटलें नाहीं. मला मात्र प्रदक्षिणेभर तेंच आठवत राहिलें. जो भक्तांना भवनदीच्या पार नेतो, त्यालाहि पूर आला म्हणजे माणसाच्या हातांवर बसून जावें लागतें. मग रोग्यास कुशीवरून कुशीवर वळविणारे हात आणि देवास उचलून नेणारे हात यांत फरक कसला? भोंवतीं पुष्कळ रोगी सेवेस राहिलेले होते. कोणी प्रदक्षिणा घालीत होता तो मुलाच्या खांद्यावर भार टाकून, कोणी सुनेचा हात धरून. मीं पादुकांवर डोकें ठेवलें आणि वहिनींसाठीं म्हणून जें मागावयाचें तें मागितलें. मागतांना नकळत अथणीच्या त्या मुलीचेंहि नांव तोंडांत आलें.

देवानें दोन्हीं मागण्या पुरविल्या नाहींत. अकराव्या दिवशीं पहाटे ती मुलगी गेली. कक्षांत कोणी मोठ्यानें रडलें नाहीं. म्हातारी बराच वेळ सुनेच्या केंसांतून हात फिरवीत बसली. खालीं गाडी आली, माणसें वर आलीं. निघतांना ती वहिनींच्या खाटेशीं थांबली, आपली ती पितळी लोटी कपाटावर ठेविली आणि बोटानें सूर्य कोठवर आला म्हणजे पेज द्यावयाची तें दाखविलें. मग वहिनींच्या कपाळावरून हात फिरवून, कानडींत कांहींतरी पुटपुटून ती गेली. त्या शब्दांचा अर्थ शेजारच्या परिचारिकेस विचारून समजला असता; वहिनींनीं विचारूं दिला नाहीं. म्हणाल्या, “मला समजला.”

‘शुश्रूषा’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. शिष्यानें गुरूचें ऐकावें यासाठीं तो योजिला गेला आणि पुढें सेवा या अर्थानें रूढ झाला. मला वाटतें, हा अर्थविस्तार उगाच झालेला नाहीं. दुसऱ्याचें दुःख ऐकूं येणें हीच सेवेची पहिली पायरी. भाषा न समजतांहि जें ऐकूं येतें तें तर परमेश्वराच्या कानांनींच ऐकूं येत असलें पाहिजे. आपल्या घरांतून पूजा, व्रतें, पारायणें चालतात, तीं चालोत. त्यांनीं मनाचा कान तयार होत असेल तर त्यांचें सार्थक झालें. नाहीं तर देव्हाऱ्याशेजारच्या खोलींत आजारी माणूस पाण्यासाठीं हांक मारीत राहील आणि घंटेच्या नादांत ती आपणांस ऐकूं येणार नाहीं.

मिरजेंत सारेच संत भेटतात असें नाहीं. स्टेशनाबाहेर रोग्यांस हेरणारे दलालहि आहेत, दुप्पट भाडें घेणारे खोलीवालेहि आहेत. जाणाऱ्यानें सावध असावें. परंतु तेथून परत आलेल्या कोणासहि विचारा. तो औषधांचा खर्च सांगून संपला, कीं कोणीतरी अनोळखी माणसानें काय केलें तें सांगूं लागतो, आणि तें सांगतांना त्याचा आवाज बदलतो.

असो. वहिनी आतां हिंडूं-फिरूं लागल्या आहेत. पितळी लोटी आमच्या स्वयंपाकघरांत, सोंवळ्याच्या भांड्यांच्या फळीवर आहे. तिच्याविषयीं घरांत कोणी कांहीं विचारीत नाहीं. वाचकांपैकीं कोणावर मिरजेच्या यात्रेचा प्रसंग न येवो. पण आलाच, तर अंथरूण-पांघरूण, औषधांचे कागद आणि पैसे यांबरोबर पेजेचें एक भांडें जास्त न्यावें. आपल्या रोग्यास तें लागलें नाहीं, तरी शेजारच्या खाटेस लागेल.